विषाणूच्या आजारानंतर केशवाहिन्यांमधलं रक्ताभिसरण अंगावरच्या सेन्सरने कळतं का?

फळाखडू

नमस्कार. माहितगारांचं मार्गदर्शन हवं आहे.

वय ३९, पेशाने शिक्षक. काही महिन्यांपूर्वी कोविड होऊन गेला. ताप, खोकला, तोंडाची चव जाणं, एवढंच. घरीच बरा झालो. पण त्यानंतर तब्येत जागेवर आलेली नाही. वर्गात उभं राहून शिकवायला लागलो की थोड्या वेळाने हात जांभळट दिसायला लागतात, पंजावरच्या शिरा टरारून फुगतात, डोकं हलकं होतं आणि फळ्यावर काय लिहीत होतो तेच निसटतं. बसून हात टेबलावर ठेवले की रंग हळूहळू परत येतो. बोटांची टोकं बहुतेक वेळ गार. एखाद्या दिवशी धावपळ जास्त झाली तर तिची वसुली दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होते, अंथरुणात पडून.

रक्ततपासण्या, ईसीजी, इको, छातीचा एक्स-रे, सगळं व्यवस्थित. डॉक्टर आपुलकीने ऐकतात, पण रिपोर्टांत काही सापडत नाही म्हटल्यावर पुढे काय करायचं हे त्यांनाही उमगत नाही.

मध्यंतरी वाचलं की या विषाणूमुळे रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते आणि सर्वांत बारीक वाहिन्यांमधला प्रवाह बिघडतो. तो मोजणारे सेन्सर आता अंगावर घालता येतात असंही वाचलं. माझ्याकडे हिरव्या दिव्याचं स्मार्टवॉच आहे आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे. दोन्हींवर ऑक्सिजन ९७-९८. ऑक्सिमीटरवर पीआय म्हणून आणखी एक आकडा येतो. तो सकाळी ०.७ असतो, दुपारी कधीकधी ६ होतो. हा आकडा म्हणजेच सूक्ष्म रक्ताभिसरण का? असेल तर इतका वरखाली का? आणि नसेल, तर डॉक्टरांसमोर ठेवता येईल असं घरी काही मोजता येतं का?

आजार सिद्ध करायची मला हौस नाही. नेमकं काय बिघडलंय ते कळलं तर पुढचं ठरवता येईल.

मंदलहर

फळाखडू, तुम्ही लक्षणं फार नीट टिपली आहेत, त्यांचा उपयोग होईल. मी शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. लोकांच्या बोटांना, मनगटांना, पावलांना प्रोब (सेन्सरचं त्वचेला टेकणारं टोक) चिकटवून त्वचेतलं रक्ताभिसरण नोंदवणं हेच माझं रोजचं काम. मी डॉक्टर नाही, त्यामुळे निदान करणार नाही. पण कुठलं यंत्र काय मोजतं आणि काय मोजत नाही हे सांगू शकते.

आधी त्या ९८ बद्दल. एसपीओटू म्हणजे धमनीतल्या रक्तात जितकं हिमोग्लोबिन आहे त्यापैकी किती टक्के ऑक्सिजनने भरलेलं आहे. ते रक्त पेशींपर्यंत किती पोचतंय याचा त्या आकड्यात पत्ताच नसतो. धरण काठोकाठ भरलेलं असलं तरी शेवटच्या सरीला पाणी मिळतंय की नाही हे शेतात उतरूनच पाहावं लागतं. म्हणून ९८ पाहून "रक्ताभिसरण उत्तम" असं कुणी म्हटलं तर ते चूक आहे. आणि ९८ असूनही त्रास होतोय म्हणजे तो मनाचा खेळ आहे, हे तर साफच चूक.

आता घड्याळातला हिरवा दिवा. साधारण ५३० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश हिमोग्लोबिन जोरात शोषतं. तो त्वचेत फार खोल जात नाही आणि हालचालीने त्यामानाने कमी बिघडतो, म्हणून नाडी मोजायला सोयीचा. ऑक्सिमीटरमध्ये ६६० आणि ९४० नॅनोमीटरचे दोन प्रकाश असतात. लाल आणि इन्फ्रारेड यांच्या शोषणातल्या फरकातून ऑक्सिजन काढायची कल्पना जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांची, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची. दोन्ही उपकरणांचं मूळ तत्त्व मात्र एकच, फोटोप्लेथिस्मोग्राफी, थोडक्यात पीपीजी. प्रकाश आत सोडायचा, किती परत आला किंवा आरपार गेला ते पाहायचं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर बोटातलं रक्त किंचित वाढतं, प्रकाश किंचित जास्त शोषला जातो आणि पडद्यावर लाट उमटते.

पीआय म्हणजे पर्फ्युजन इंडेक्स. ठोक्याबरोबर बदलणारा प्रकाशाचा भाग भागिले न बदलणारा भाग, त्याची टक्केवारी. बोटावर तो ०.०२ पासून २० पर्यंत कुठेही असू शकतो. म्हणजे तो प्रवाह मोजत नाही, ठोक्याची लाट किती उंच आहे ते मोजतो. तुमच्या ०.७ आणि ६ चा उलगडा बोटाच्या रचनेत आहे. बोटाची टोकं, तळहात, तळपाय, कान, नाक इथल्या त्वचेत धमनिका (अगदी बारीक धमन्या) आणि शिरा यांना थेट जोडणारे आडमार्ग असतात. शरीराला उष्णता बाहेर टाकायची असली की ते उघडतात आणि रक्त केशवाहिन्यांना वळसा घालून सरळ शिरेत जातं. थंडी वाजली, ताण आला, कुणी दचकवलं की सिंपथेटिक नसा, म्हणजे ताणाच्या वेळी आपोआप कामाला लागणाऱ्या नसा, ते आवळतात. सकाळी खोली गार, बोट गार, आडमार्ग बंद, म्हणून ०.७. दुपारी अंग तापलेलं, आडमार्ग उघडे, म्हणून ६. गंमत अशी की ६ असताना जे जादा रक्त दिसतंय त्यातलं बरंचसं पेशींना ऑक्सिजन देणाऱ्या केशवाहिन्यांतून जातच नसतं. तेव्हा बोटावरचा पीआय हा मुख्यतः तापमान आणि सिंपथेटिक नसांचा आरसा आहे.

हे स्वतः पाहायचं असेल तर शांत बसा, हात गरम होऊ द्या, ऑक्सिमीटर बोटाला लावून हात हृदयाच्या पातळीवर टेकवा. पीआय स्थिर झाला की झटकन एक खोल श्वास घ्या आणि काही सेकंद धरा. थोड्याच वेळात लाट आखडताना दिसेल, पीआय घसरेल आणि अर्ध्या मिनिटाच्या आत-बाहेर सावरेल. एका श्वासाने मज्जारज्जूमार्गे बोटातल्या वाहिन्या आवळल्या जातात. प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येकाला मी हे पडद्यावर दाखवते, कारण एकदा ते डोळ्यांनी पाहिलं की नुसत्या एका आकड्यावर विसंबायचं नाही हे वेगळं समजवावं लागत नाही.

मंदलहर

मागचा प्रतिसाद लांबला, म्हणून उरलेलं इथे.

खऱ्या अर्थाने सूक्ष्म रक्ताभिसरणाच्या जवळ जाणारं तंत्र म्हणजे लेझर डॉप्लर. १९७५ मध्ये मायकेल स्टर्न यांनी ते त्वचेवर वापरता येतं हे दाखवलं. लेझरचा प्रकाश फिरत्या लाल पेशींवर आपटून परततो तेव्हा त्याची वारंवारता किंचित बदललेली असते. किती पेशी हलताहेत आणि किती वेगाने, या दोहोंचा गुणाकार आपल्याला मिळतो. केशवाहिनीचा व्यास ५ ते १० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) आणि लाल पेशीचा ७ ते ८, म्हणजे बऱ्याच ठिकाणी पेशीला अंग चोरून एकेकटीनेच जावं लागतं. त्या रांगेची चाल इथे ऐकू येते.

पूर्वी यासाठी टेबलभर यंत्र आणि लांब ऑप्टिकल फायबर लागायची. फायबर जरा हलली तरी नोंद खराब व्हायची, माणसाला पुतळ्यासारखं झोपवून ठेवावं लागायचं. आता ८५० नॅनोमीटरची चिमुकली लेझर डायोड थेट त्वचेवर टेकवणारी, बॅटरीवर चालणारी उपकरणं आहेत. फायबरच नाही. दोन्ही मनगटांवर, कपाळावर, पायाच्या अंगठ्यावर एकाच वेळी लावता येतात आणि डावं-उजवं, वर-खाली ताडून पाहता येतं. तुम्ही ज्या सेन्सरबद्दल वाचलंत ते बहुधा हेच.

पण त्यांच्या मर्यादा ओळखून असावं. एकक आहे "पर्फ्युजन युनिट", म्हणजे मिलिलिटर नाही, ग्रॅम नाही, यंत्रापुरतं मानलेलं एकक. प्रोब पाहतो जेमतेम एक घन मिलिमीटर त्वचा. तोच प्रोब बोटभर बाजूला सरकवला की खाली वेगळ्या वाहिन्या येतात आणि आकडा बदलतो. त्यामुळे "माझा आकडा ४०, तुमचा १२०" या तुलनेला काही अर्थ उरत नाही. निरोगी माणसाचा सर्वमान्य आकडाच नाही.

मग आम्ही पाहतो काय? दोन गोष्टी, आणि माझ्या मते सगळा जीव त्यांतच आहे.

एक म्हणजे प्रतिसाद. विश्रांतीतला प्रवाह हा नुसता हजेरीपट असतो, वाहिन्यांना काम दिलं की त्यांची ताकद कळते. दंडाला बीपीचा पट्टा बांधून तीन ते पाच मिनिटं वरच्या दाबापेक्षाही जास्त दाब ठेवायचा, मग झटकन सोडायचा. काही सेकंदांत प्रवाह मूळच्या कैक पट उसळतो आणि मग हळूहळू खाली येतो. किती उसळला, शिखर गाठायला किती वेळ लागला, हे पाहायचं. किंवा प्रोबखालची त्वचा ४२ ते ४४ अंशांपर्यंत तापवायची. पहिल्या काही मिनिटांत एक उंच सुळका येतो, तो संवेदी नसांच्या टोकांमुळे. मग किंचित घसरण. आणि त्यानंतर प्रवाह पुन्हा चढत जाऊन अर्ध्या तासाच्या आसपास पठारावर स्थिरावतो. हे पठार मुख्यतः नायट्रिक ऑक्साइडमुळे तयार होतं, आणि नायट्रिक ऑक्साइड बनवतं वाहिनीचं आतलं अस्तर, एंडोथेलियम. म्हणजे पठाराची उंची ही एका अर्थी अस्तराची परीक्षा. बुटकं पठार दिसलं की मी प्रोब पुन्हा तपासते, खोलीचं तापमान पाहते, आणि तरीही ते बुटकंच राहिलं तर त्या माणसाबद्दल मला मनापासून वाईट वाटतं, कारण तो "मला बरं वाटत नाही" म्हणत होता ते तिथे उमटलेलं असतं.

दुसरी गोष्ट मंद लहरी. त्वचेतला प्रवाह कधीच सपाट नसतो. ठोक्याची लहर सगळ्यांना माहीत आहे, साधारण १ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला एक. तिच्याखाली श्वासाची. त्याहून मंद, ०.०५ ते ०.१५ हर्ट्झच्या दरम्यान, धमनिकांच्या स्नायूंची स्वतःची आकुंचन-प्रसरणाची लहर. त्याखाली ०.०२ ते ०.०५ मध्ये सिंपथेटिक नसांची, आणि सर्वांत तळाला ०.०१ ते ०.०२ हर्ट्झची, जिचं नातं एंडोथेलियमशी जोडलं जातं. वेव्हलेट विश्लेषणाने या लहरी वेगळ्या काढता येतात. भौतिकशास्त्रज्ञ अॅनेटा स्टेफानोव्स्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं या विषयातलं काम पायाभूत आहे. आता हिशोब करा. ०.०१ हर्ट्झ म्हणजे एक लहर पुरी व्हायला शंभर सेकंद. पाच मिनिटांच्या नोंदीत अशा लहरी मावतील तीन. तीन लहरींवरून निष्कर्ष काढणं म्हणजे अंदाजपंचे. निदान वीस-तीस मिनिटांची शांत, न हलता घेतलेली नोंद हवी. अंगावर घालायच्या सेन्सरचा खरा फायदा इथे आहे. घरी, स्वतःच्या अंथरुणावर, पहाटेच्या शांत झोपेत त्या लहरी नोंदवता येतात. दंडावर पट्टा आवळून झोपवलेल्या माणसात त्या तशा मिळत नाहीत.

विषाणूचा संबंध? झुरिकच्या गटाने एप्रिल २०२० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात कोविडग्रस्तांच्या एंडोथेलियममध्ये विषाणूचे अंश आणि दाह दाखवला. त्याच वर्षी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या शवविच्छेदनाच्या अभ्यासात फुप्फुसांतल्या केशवाहिन्यांत सूक्ष्म गुठळ्या इन्फ्लुएन्झापेक्षा नऊपट जास्त आढळल्या. हे सगळं अतिगंभीर रुग्णांचं. तुमच्यासारख्या घरी बऱ्या झालेल्यांबद्दल पुरावा पातळ आहे, पण अगदीच नाही असं नाही. लाँग कोविडच्या (कोविडनंतर महिनोन्महिने त्रास चालू राहिलेल्या) काही रुग्णांच्या जिभेखाली व्हिडिओ-मायक्रोस्कोप लावून पाहिल्यावर बारीक केशवाहिन्यांची घनता कमी आढळली आहे, तीही आजारानंतर बऱ्याच काळाने.

आता तुमच्या हातांकडे येते. उभं असताना हृदयापासून दर १० सेंटीमीटर खाली रक्ताचा दाब साधारण ७.५ मिलिमीटर पाऱ्याने वाढतो. लोंबत्या पंजापर्यंत हे ४० च्या घरात जातं. एरवी शिरांमधला दाब वाढला की त्या भागातल्या धमनिका आपोआप आवळतात आणि पुढच्या केशवाहिन्या तुंबू देत नाहीत. शिवाय सिंपथेटिक नसाही उभं राहताक्षणी कामाला लागतात. हे नियंत्रण ढिलं पडलं तर रक्त खालच्या भागात साचून राहतं, त्यातला ऑक्सिजन संपतो, म्हणून जांभळा रंग. आणि वर डोक्याला कमी पडतं, म्हणून हलकेपणा. तुमचं वर्णन वाचून माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो केशवाहिन्यांचा नव्हता. उभं राहिल्यावर नाडी आणि बीपी किती बदलतं, हे कुणी मोजलंय का?

रात्रपाळी

अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. मंदलहर ताईंच्या शेवटच्या ओळीला माझा जोरदार पाठिंबा. उभं राहून बीपी घेणं हे काम पाच-दहा मिनिटं खातं म्हणून टाळलं जातं, आणि बसल्या जागी घेतलेलं एकच माप फाइलमध्ये पडून राहतं.

सेन्सरशिवायची आमची जुनी पद्धतही सांगते. नखावर किंवा बोटाच्या टोकावर पाच सेकंद दाब द्यायचा, पांढरं पडलं की सोडायचं आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. कॅपिलरी रीफिल टाइम. गरम बोटात, चांगल्या उजेडात साधारण दोन-तीन सेकंदांत रंग यायला हवा. हे साधं वाटतं, पण शॉकच्या (अवयवांना रक्त कमी पडण्याच्या गंभीर अवस्थेतल्या) रुग्णांत उपचाराची दिशा रक्तातल्या लॅक्टेटवर (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की वाढणारा पदार्थ) ठरवावी की यावर, अशी मोठी चाचणी २०१९ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात आली होती, अँड्रोमेडा-शॉक नावाची. बोट दाबून पाहणारा गट मागे पडला नाही. मात्र ही आजाऱ्याच्या खाटेशेजारची खूण आहे. तुमच्यासारख्या हिंडत्या-फिरत्या माणसात गार बोटाने ती सहज फसते.

एक विनंती. छातीत दुखणं, अचानक धाप, एकाच पायाला सूज आणि दुखरेपणा, एखादंच बोट एकाएकी पांढरंफटक किंवा काळंनिळं होऊन दुखणं, यातलं काही झालं तर सेन्सर बघत बसू नका, तडक दवाखाना गाठा. आणि त्वचेचा रंग गडद असेल तर ऑक्सिमीटर खऱ्यापेक्षा चांगला आकडा दाखवू शकतो. २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये लपून राहिलेली ऑक्सिजनची कमतरता गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट वेळा निघाली. आकडा आणि माणूस जुळत नसेल तर माणसावर विश्वास ठेवावा.

सावकाश

मी याच रस्त्याने गेलोय, अजून पूर्ण बाहेर पडलेलो नाही. घड्याळाचा एक खरा उपयोग सांगतो: रात्रीची विश्रांतीतली नाडी. रोजचा आकडा नव्हे, आठवड्याची सरासरी. २०२१ मध्ये जामा नेटवर्क ओपनमध्ये घड्याळं घातलेल्या लोकांचा अभ्यास आला होता. कोविडनंतर विश्रांतीतली नाडी मूळ पातळीवर यायला सरासरी ७९ दिवस लागले, पावलांची संख्या मात्र ३२ दिवसांत आणि झोप २४ दिवसांत पूर्ववत झाली होती. म्हणजे माणूस चालायला-फिरायला लागतो तेव्हाही आतलं यंत्र सावरलेलं नसतं. मला हे वाचून फार धीर आला होता. नाडी चढती दिसली की मी त्या दिवशीची कामं कमी करतो.

कुतूहल

सूक्ष्म गुठळ्यांमुळे केशवाहिन्या तुंबतात असं सगळीकडे वाचायला मिळतं. मग लेझर डॉप्लरवर प्रवाह कमी दिसला तर रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू करायला काय हरकत आहे?

मंदलहर

कुतूहल, मोठी हरकत आहे. स्टेलनबॉश विद्यापीठातल्या रेसिया प्रिटोरियस यांच्या गटाने २०२१ मध्ये लाँग कोविडच्या रुग्णांच्या प्लाझ्मात (रक्तातल्या द्रवात) फायब्रिनचे, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचे, सहज न विरघळणारे सूक्ष्म गोळे दाखवले. ते नमुना काढून, रंग घालून, फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपखाली दिसतात. त्वचेवरून कुठलाही सेन्सर ते पाहू शकत नाही. प्रवाह कमी दिसण्याची कारणं अनेक: गार खोली, नुकतंच घेतलेलं कॅफीन किंवा निकोटीन, भरलेलं मूत्राशय, ताण, घट्ट बांधलेला पट्टा. प्रोबच्या आकड्यावरून गुठळी ठरवता येत नाही. आणि ते गोळे काढायला म्हणून प्लाझ्मा बदलण्याच्या उपचाराचा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये आढावा घेतला, तेव्हा त्याला आधार देणारा पुरावा मिळाला नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी मेंदूत, आतड्यात रक्तस्राव होऊ शकतो. त्या सेन्सरच्या जोरावर घ्यायच्या नाहीत.

आणखी एक सांगते, दंडावर पट्टा आवळून ठेवायची ती पाच मिनिटांची चाचणीही घरी कुणी करू नये.

फळाखडू

सगळ्यांचे मनापासून आभार. मंदलहर ताई, श्वासाचा प्रयोग केला. पीआय ४ च्या वर स्थिर होता, श्वासानंतर दीडपर्यंत पडला आणि परत आला. बघताना अंगावर काटा आला. पण याचा अर्थ माझ्या बाबतीत काय लावायचा? आणि उभं राहून मोजायचं म्हणजे नेमकं कसं?

मंदलहर

अर्थ एवढाच की बोटापर्यंतच्या सिंपथेटिक नसा जाग्या आहेत आणि वाहिन्या त्यांचं ऐकतात. अस्तराबद्दल ही चाचणी काहीच सांगत नाही. जेवढं मिळालं तेवढंच घ्यायचं.

उभ्याची चाचणी अशी. घरातलं कुणीतरी शेजारी हवंच, चक्कर येऊन पडू शकता. सकाळी, कॅफीन न घेता, आधी पाच-दहा मिनिटं आडवं पडा. नाडी आणि बीपी घ्या. मग भिंतीला पाठ टेकून उभे राहा, टाचा भिंतीपासून साधारण १५ सेंटीमीटर पुढे. दहा मिनिटं बोलायचं नाही, पाय चाळवायचे नाहीत, पोटऱ्या आवळायच्या नाहीत, कारण पोटऱ्यांचे स्नायू शिरांमधलं रक्त वर ढकलतात आणि खरं चित्र झाकलं जातं. दर मिनिटाला नाडी आणि बीपी, शेजारी त्या क्षणी काय वाटतंय ते एका शब्दात, आणि सुरुवातीचा-शेवटचा हातांचा फोटो. डोळ्यांसमोर अंधारी आली तर लगेच आडवे व्हा. तीही एक नोंदच आहे.

प्रौढ माणसाची नाडी दहा मिनिटांत ३० किंवा जास्त ठोक्यांनी वाढून टिकली, वरचं बीपी २० ने किंवा खालचं १० ने पडलेलं नसलं, आणि असा त्रास तीन महिने चाललेला असला तर डॉक्टर पॉट्स या विकाराचा विचार करतात. विषाणूच्या आजारानंतर तो सुरू होतो हे कोविडच्या आधीपासून माहीत आहे. मात्र रक्त कमी असणं, थायरॉइड, पाणी कमी पडणं, काही औषधं यांनीही नाडी अशीच वाढते. ते वगळणं डॉक्टरांचं काम.

फळाखडू

भावाला शेजारी उभं करून चाचणी केली. आडवा असताना नाडी ६८, बीपी ११८/७६. उभं राहिल्यावर तिसऱ्या मिनिटाला ९४, आठव्याला १०६, दहाव्याला १०४. बीपी ११४/८० च्या आसपासच राहिलं. सहाव्या मिनिटाला "धूसर", नवव्याला "मळमळ" असं भावाने लिहिलंय. हातांचे फोटो शेजारी-शेजारी ठेवल्यावर भाऊच घाबरला.

तो कागद डॉक्टरांना दाखवला. त्यांनी स्वतः पुन्हा चाचणी केली, साधारण तेच आलं. रक्तातलं लोह, थायरॉइड तपासायला सांगितलंय, स्वायत्त मज्जासंस्थेच्या (नाडी, बीपी आपोआप सांभाळणाऱ्या नसांच्या) तज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली आहे, आणि तोवर कमरेपर्यंतचे दाबाचे मोजे घालून पाहायला सांगितलं. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर "आता काहीतरी हाती आलं" असं दिसलं.

एक शेवटचा प्रश्न. मोज्यांनी फरक पडतोय का हे पाहायला पीआय लिहून ठेवू का?

मंदलहर

हे वाचून खूप बरं वाटलं. तो कागद जपून ठेवा, तज्ज्ञांनाही द्या.

पीआय नको. तो हवामानाबरोबर फिरेल आणि तुम्हाला उगाच आशा-निराशेच्या झोक्यावर बसवेल. मोजे घालून आणि न घालता, लागोपाठच्या नव्हे तर वेगवेगळ्या दिवशी, त्याच वेळेला, त्याच खोलीत तीच उभ्याची चाचणी करा. आडव्या आणि उभ्या नाडीतला फरक, आणि "धूसर" कितव्या मिनिटाला आलं, या दोनच गोष्टी ताडून पाहा. आदल्या दिवशी जास्त श्रम झाले असतील तर ते कोपऱ्यात लिहा, नाहीतर मोज्यांचा दोष आणि थकव्याचा दोष वेगळा काढता येणार नाही. चाचणीनेच दुसऱ्या दिवशी त्रास वाढत असेल तर ती डॉक्टरांना विचारूनच पुन्हा करा.

तज्ज्ञांकडे लेझर डॉप्लरची सोय असेल आणि ते नोंद घेणार असतील तर एवढं विचारा: नोंद किमान वीस मिनिटांची असेल का, खोलीचं तापमान लिहिलं जाईल का, आणि हात हृदयाच्या पातळीवरून खाली सोडल्यावर प्रवाह कसा बदलतो तेही पाहतील का. मनगटाच्या मागच्या बाजूला एक आणि बोटावर एक असे दोन प्रोब लावले तर आडमार्ग आणि केशवाहिन्या यांचं वेगवेगळं चित्र मिळतं. त्या दिवशी सकाळी दाबाचे मोजे घालायचे की नाही हे आधी फोन करून विचारून घ्या.